नैराश्यावरील गोळी सुरू करण्यापूर्वी पुरुषांनी काय सांगावे, काय विचारावे

नैराश्यावर औषध घ्यायचे की नाही, हे रुग्णाने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवायचे असते. तो निर्णय योग्य व्हावा यासाठी डॉक्टरांना जी माहिती हवी असते, तिच्यातला सर्वांत मोलाचा भाग मात्र बहुतेक पुरुष तोंडातून काढत नाहीत. आपण किती पितो, पत्नीशी शारीरिक संबंध कसे आहेत, राग किती आणि कुणावर निघतो, पाठदुखीसाठी किंवा झोपेसाठी आपल्या मनाने कोणत्या गोळ्या घेतो, आणि मरणाचे विचार येतात का, याबद्दल ते गप्प राहतात किंवा अर्धवट बोलतात. कोणती गोळी, किती मात्रेची, आणि ती आजच सुरू करावी की थोडे थांबावे, हे मात्र बहुतांशी याच गोष्टींवर ठरते. म्हणून औषधांची जंत्री देण्यापेक्षा, गोळी सुरू होण्यापूर्वी काय उघड करावे आणि काय विचारून घ्यावे, याकडे या लेखाचा रोख ठेवला आहे. येथे वाचलेल्या माहितीवरून कोणी स्वतःहून औषध सुरू करू नये, चालू असलेले बंद करू नये किंवा बदलू नये. ही माहिती डॉक्टरांसमोर नीट बोलता यावे यासाठी आहे.

हा विषय पुरुषांपुरता वेगळा का काढावा, याचे उत्तर आकड्यांत आहे. नैराश्याचे निदान स्त्रियांमध्ये अधिक होते. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातील सुमारे १ लाख ७१ हजार आत्महत्यांपैकी १ लाख २२ हजारांहून अधिक पुरुषांच्या आहेत, म्हणजे दर दहांत सात. पुरुषाचा आजार लवकर ओळखला जात नाही आणि ओळखला गेला तरी उपचार उशिरा सुरू होतो, हे यामागचे एकमेव कारण नसले तरी मोठे कारण आहे, असे मला ठामपणे वाटते.

आधी हे नैराश्यच आहे का, हे पाहून घ्यावे

पुरुषांमधले नैराश्य पुष्कळदा उदासीच्या रूपात समोर येत नाही. चिडचिड वाढते, क्षुल्लक कारणावरून मुलांवर ओरडणे होते, पहाटे तीन-चारला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही, कंबर आणि डोके सतत दुखते, कामावर लक्ष लागत नाही, संध्याकाळी बारमध्ये जाण्याची वेळ अलीकडे सरकत जाते. घरचे म्हणतात, स्वभाव बदलला. अशी स्थिती दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ टिकली असेल, पूर्वी ज्यात रस होता त्यातला रस गेला असेल आणि नेहमीच्या कामात अडथळा येत असेल, तर तपासणीसाठी जावे.

गोळी लिहून घेण्यापूर्वी काही साध्या तपासण्या झालेल्या बऱ्या. थायरॉइड मंदावले असेल, ब जीवनसत्त्वापैकी बी-१२ कमी असेल, मधुमेह किंवा पंडुरोग असेल, तर थकवा आणि उदासी दोन्ही येतात, आणि मूळ कारण तसेच ठेवून नैराश्याची गोळी घेत राहण्यात अर्थ नसतो. जोरात घोरणाऱ्या, झोपेत श्वास अडकणाऱ्या आणि दिवसभर पेंगणाऱ्या माणसाने तेही आवर्जून सांगावे, कारण झोपेतील श्वासरोधाचा आजार नैराश्यासारखाच दिसतो आणि झोप आणणारी काही औषधे तो वाढवू शकतात. संधिवातासाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तरुणाने मुरुमांसाठी आयसोट्रेटिनोइन घेतले असेल, किंवा व्यायामशाळेत कोणी दिलेली इंजेक्शने चालू असतील, तर ती माहितीही लागते.

याहून महत्त्वाचा एक प्रश्न आहे, आणि डॉक्टरांनी विचारला नाही तरी त्याचे उत्तर आपणहून द्यावे. आयुष्यात कधी असा काळ आला होता का, की सलग काही दिवस झोपेची गरजच वाटली नाही, बोलणे थांबेना, पैसे वारेमाप उधळले गेले, आपण काहीही करू शकतो असे वाटले? घरात कुणाला असा आजार आहे का? असे असेल तर ते द्विध्रुवी विकाराचे लक्षण असू शकते, आणि त्या आजारात नुसती नैराश्याची गोळी दिली तर रुग्ण उलट दिशेला, म्हणजे उन्मादाकडे झुकण्याचा धोका असतो. ज्या काळाला आपण ‘माझे सगळ्यात चांगले दिवस’ म्हणून आठवतो, तो काळ आजाराचा भाग असेल अशी शंका माणसाला स्वतःला येत नाही. म्हणून याबाबत पत्नीला किंवा मोठ्या भावाला विचारावे.

गोळीच हवी का?

सौम्य नैराश्यात गोळी हा पहिला उपाय असेलच असे नाही. मध्यम आणि तीव्र नैराश्यात तिचा उपयोग स्पष्ट आहे, आणि बोलण्याच्या उपचाराची जोड मिळाली तर अधिक. या बाबतीत परदेशातील अभ्यासांचे दाखले देण्याची आपल्याला गरज नाही, कारण गोव्यातच यावर मोलाचे काम झाले आहे. जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत झालेला आणि २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. त्यात फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी घेणारे रुग्ण दोन महिन्यांनी नकली (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे बरे होते, आणि त्या वेळी दिलेला बोलण्याचा उपचार मात्र नकली गोळीपेक्षा सरस ठरला नव्हता. पुढे ‘संगत’ या गोव्यातील संस्थेच्या संशोधकांनी आरोग्य केंद्रांमध्ये वेगळ्या पद्धतीचा उपचार तपासला. खास प्रशिक्षण दिलेले, पण डॉक्टर नसलेले समुपदेशक सहा ते आठ बैठकांत रुग्णाला आपल्या दिनक्रमात अर्थपूर्ण कामे टप्प्याटप्प्याने परत आणायला शिकवत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य उतरले होते; हा उपचार न मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते. हे रुग्ण सौम्य आजाराचे नव्हते, मध्यम ते तीव्र नैराश्याचे होते.

हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले तर एवढे कळते, की ‘गोळ्या म्हणजे नुसती नशा’ हेही खरे नाही आणि ‘बोलून काय होते’ हेही खरे नाही. डॉक्टरांना सरळ विचारावे: माझा आजार किती तीव्र आहे, समुपदेशनाने सुरुवात करता येईल का, आणि गोळी घेतली तर तिच्यासोबत समुपदेशन कुठे मिळेल? देवळात जाऊन कौल घ्यायचा असेल, गाऱ्हाणे घालायचे असेल, तर तेही अवश्य करावे. त्याने मनाला आधार मिळतो. फक्त कौलासाठी डॉक्टरांची तारीख पुढे ढकलू नये.

दारूबद्दल खरे सांगावे

गोव्यात पुरुषांच्या नैराश्याबद्दल लिहायचे आणि दारूचा विषय दोन ओळींत उरकायचा, हे प्रामाणिकपणाचे होणार नाही. येथे दारू स्वस्त आहे, सहज मिळते, आणि फेणी किंवा मार्च ते मे या महिन्यांतला उर्राक यांना घरगुती मानही आहे. त्यामुळे ‘थोडीशी घेतो’ हे उत्तर इतके सवयीचे झाले आहे, की देणाऱ्याला ते खोटे वाटतही नाही. डॉक्टरांना त्या उत्तराचा काही उपयोग नसतो. त्यांना हवे असते ते असे: रोज की आठवड्यातून किती वेळा, कोणती, किती पेग किंवा किती क्वार्टर, दिवसातला पहिला घोट किती वाजता, आणि एखाद्या दिवशी घेतली नाही तर हात थरथरतात का, घाम फुटतो का.

दारू स्वतःच मेंदूला मंद करणारी आहे. भरपूर पिणाऱ्या माणसात दिसणारे नैराश्य बऱ्याचदा दारूमुळेच आलेले असते आणि ती पूर्ण थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत लक्षणीय उतरते. म्हणून काही डॉक्टर आधी दारू थांबवून, मग नैराश्य किती उरते ते पाहून औषध ठरवतात. येथे आपल्या घरांतली एक प्रथा फार उपयोगी पडू शकते. अनेक पुरुष श्रावण पाळतात, महिनाभर मासे-मटणाबरोबर दारूही सोडतात. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मन कसे होते, झोप कशी होती, चिडचिड कमी झाली होती की वाढली होती, हे आठवून डॉक्टरांना सांगावे. दारूविना तीन आठवडे गेल्यावरही मन काळवंडलेलेच होते असे असेल, तर नैराश्याला स्वतःचे मूळ आहे असे मानायला आधार मिळतो. आणि मन हलके झाले होते असे असेल, तर उपचाराची दिशाच बदलते. इतकी नेमकी माहिती कोणत्याही रक्ततपासणीतून मिळत नाही.

मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी उठल्यावर घेतल्याशिवाय ज्याला चालत नाही त्याने, एकाएकी दारू तोडू नये. शेवटच्या पेयानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, आणि हे जिवावर बेतू शकते. दारू सोडवण्यासाठी काही दिवस औषधांचा आधार लागतो आणि तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावा. श्रावणाच्या पहिल्या दिवशी ज्याचे हात कापतात आणि घाम थांबत नाही, त्याला निश्चयी म्हणून शाबासकी देऊ नये, दवाखान्यात न्यावे.

गोळी चालू असताना दारू घेतली तर काय होते, हे औषधागणिक बदलते. मिर्टाझापिन आणि अमिट्रिप्टिलिन यांच्यासोबत गुंगी धोकादायक पातळीला जाऊ शकते. बुप्रोपिऑन चालू असताना भरपूर पिणे किंवा अचानक सोडणे, दोन्हींमुळे फिट येण्याचा धोका वाढतो. यकृत बिघडलेले असेल तर ड्युलोक्सेटिन टाळले जाते. एस्सिटॅलोप्राम किंवा सर्ट्रालिन यांच्याशी दारूचा झगडा तुलनेने कमी असला, तरी पिण्याने नैराश्यच वाढत असल्यामुळे औषधाचा गुण येत नाही. यातले काहीही डॉक्टर तुमच्यासाठी टाळू शकतात, पण तुम्ही सांगितले तरच. ‘पितो म्हटले तर औषध देणार नाहीत’ या भीतीने खोटे बोलू नये. पिणाऱ्यांसाठीही उपचार आहेत, आणि हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठीच्या छोट्या समुपदेशनाचा अभ्यासही गोव्यातल्या आरोग्य केंद्रांतच झाला असून त्याचा उपयोग दिसून आला आहे.

शरीरसंबंधांविषयी

अनेक पुरुष गोळी सुरू करून महिन्याभरात मुकाट्याने बंद करतात, आणि त्यामागचे खरे कारण कुणालाच सांगत नाहीत. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, पॅरोक्सेटिन या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या गटातल्या गोळ्यांमुळे इच्छा कमी होणे, ताठरता न येणे किंवा न टिकणे आणि वीर्यपतनाला फार वेळ लागणे अथवा ते न होणे, हे परिणाम पुष्कळांना जाणवतात. पॅरोक्सेटिनमध्ये हे विशेष दिसते; व्हेन्लाफॅक्सिनसारख्या औषधांतही असते. बुप्रोपिऑन, मिर्टाझापिन आणि वॉर्टिओक्सेटिन यांमध्ये त्रास कमी असतो. हे आधीच माहीत असेल तर माणूस घाबरत नाही, आणि निवडीच्या वेळीच आपले म्हणणे मांडू शकतो.

म्हणून पहिल्या भेटीतच आजची स्थिती नोंदवून ठेवावी. नैराश्य, मधुमेह, रक्तदाबाच्या काही गोळ्या, दारू आणि सिगारेट या सर्वांनीच ताठरता कमी होते. गोळी सुरू होण्यापूर्वी काय चालू होते हे कुठेच लिहिलेले नसेल, तर नंतर सगळा दोष गोळीवर जातो किंवा उलट गोळीचा दोष वयाच्या नावावर खपवला जातो. पत्नी शेजारी बसलेली असताना हे बोलणे जमत नसेल, तर ‘डॉक्टर, पाच मिनिटे मला एकट्याला तुमच्याशी बोलायचे आहे’ एवढे वाक्य पुरते. घरी मात्र पत्नीला विश्वासात घ्यावे, कारण नवऱ्याचे दूर राहणे तिला दुसऱ्याच कशाचे लक्षण वाटू शकते, आणि तो गैरसमज आजारापेक्षा अधिक नुकसान करतो.

त्रास झालाच तर काही आठवडे वाट पाहणे, मात्रा कमी करणे, औषध बदलणे किंवा जोडीला दुसरे देणे, असे मार्ग डॉक्टरांकडे असतात. फार्मसीत जाऊन परस्पर उपाय करणे मात्र धोक्याचे आहे. शीघ्रपतनासाठी मिळणारे डॅपोक्सेटिन हे याच गटातले औषध असल्याने ते नैराश्याच्या या गोळ्यांबरोबर घेऊ नये. सिल्डेनाफिल हे छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवण्याच्या नायट्रेटच्या गोळीबरोबर घेतले तर रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो. झोपेसाठी ट्रॅझोडोन दिले असेल आणि ताठरता वेदनेसह चार तासांपर्यंत उतरली नाही, तर लाज न बाळगता तातडीच्या विभागात जावे. उशीर झाला तर कायमची हानी होते.

गोळी बंद केल्यावर बहुतेकांचे शरीरसंबंध पूर्ववत होतात. मोजक्या रुग्णांत हा त्रास औषध थांबवल्यानंतरही टिकून राहतो, अशा नोंदी आहेत, आणि २०१९ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने औषधांच्या माहितीपत्रकात तसा इशारा घालायला लावला. ही शक्यता कमी असली, तरी ती आधी सांगितली जाणे हा रुग्णाचा हक्क आहे. मूल व्हावे असा प्रयत्न चालू असेल तर तेही सांगावे. या गटातल्या काही औषधांचा शुक्राणूंच्या गुणवत्तेवर परिणाम होत असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे आणि औषध थांबवल्यावर तो ओसरतो असे आढळले आहे.

इतर आजार आणि इतर गोळ्या

पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने लघवीबद्दल बोलावे. धार बारीक झाली आहे, रात्री तीन-चारदा उठावे लागते, असे असेल आणि प्रोस्टेट वाढलेली असेल, तर अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गटातल्या औषधाने लघवी तुंबू शकते. काचबिंदूचा धोका असलेल्यांनाही हा गट जपून दिला जातो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना जुन्या गटातली औषधे टाळून बहुधा सर्ट्रालिनसारखे सुरक्षित औषध निवडले जाते. सिटॅलोप्राम आणि एस्सिटॅलोप्राम यांनी हृदयाच्या ठोक्यांची विद्युत्-लय बदलू शकते, म्हणून वय जास्त असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर ईसीजी काढून मात्रा मर्यादित ठेवतात.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अगदी रोजची ॲस्पिरिनसुद्धा, आणि अंगदुखीसाठीचे डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांच्यासोबत सर्ट्रालिनच्या गटातल्या गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रामाडॉल असलेली वेदनाशामक गोळी तर आवर्जून सांगावी, कारण दोन्ही मिळून अंग तापणे, थरथर, बेचैनी, स्नायू ताठरणे असा गंभीर प्रकार होऊ शकतो आणि फिटही येऊ शकते. वयस्कर माणसाला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर नैराश्याच्या गोळीने रक्तातले सोडियम घटून गोंधळल्यासारखे होऊ शकते. सुरुवातीच्या आठवड्यांत एकदा सोडियम तपासून घेणे शहाणपणाचे. वैद्यांचे चूर्ण, ‘ताकदीची’ कॅप्सूल, प्रथिनांची पावडर, जे काही घेता ते सगळे एका पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावे. नावे आठवत बसण्यापेक्षा हे सोपे पडते.

स्ट्रिपची मागची बाजू वाचावी

आपल्याकडे एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत घातलेले प्रकार सर्रास लिहून दिले जातात. ब्रँडचे नाव मोठ्या अक्षरांत असते. त्याच्याखाली किंवा मागे बारीक अक्षरांत मूळ औषधे छापलेली असतात. ‘एस्सिटॅलोप्राम १० मिग्रॅ’ ही एकच ओळ असेल तर ती नैराश्याची गोळी. त्याखाली ‘क्लोनाझेपाम ०.५ मिग्रॅ’ अशी दुसरी ओळ असेल, तर तुम्ही त्यासोबत एक गुंगीचे औषधही घेत आहात. त्याची काही आठवड्यांत सवय लागू शकते, दारूबरोबर घेतल्यास श्वास मंदावू शकतो, आणि ते एकाएकी बंद करता येत नाही. पहिल्या थोड्या दिवसांच्या तगमगीसाठी ते कधीकधी उपयोगी असते, हे खरे. पण ते किती दिवसांसाठी आहे आणि कधी काढायचे, हे विचारल्याशिवाय फार्मसीतून बाहेर पडू नये. नैराश्यावरील मुख्य औषधांची अशी नशेची सवय लागत नाही. लोक ज्या ‘सवयी’ला भितात, ती बहुधा या दुसऱ्या ओळीतल्या औषधाची असते.

मरणाचे विचार

मरावेसे वाटते का, हे विचारल्यावर खरे उत्तर द्यावे. त्यामुळे कोणी तुम्हाला लगेच कोंडून ठेवत नाही. उलट कोणते औषध किती दिवसांचे हाती द्यावे, हे त्यावर ठरते. अमिट्रिप्टिलिनसारखी जुन्या गटातली औषधे एकाच वेळी जास्त घेतल्यास प्राणघातक ठरतात, म्हणून असे विचार असलेल्याला ती टाळतात किंवा थोड्याच दिवसांची देतात, आणि गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात ठेवायला सांगतात. पंचवीस वर्षांखालच्या तरुणांमध्ये गोळी सुरू केल्यावरच्या पहिल्या काही आठवड्यांत किंवा मात्रा बदलल्यावर असे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकी नियामकांनी २००४ मध्ये मुले आणि किशोरांसाठी दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. अस्वस्थता वाढली, एका जागी बसवेना, झोप उडाली, असे दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रात्री-अपरात्री बोलायचे झाल्यास केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. जिवाला धोका असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि माणसाला एकटे सोडू नये.

कुठे जावे, आणि नोकरीचे काय

जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपासून सुरुवात करता येते. म्हापसा आणि मडगाव येथील जिल्हा रुग्णालये आहेत, आणि बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) परिसराजवळ मनोविकारांसाठीची सरकारी संस्था आहे, जिला सगळे आयपीएचबी म्हणतात. ‘बांबोळीला नेला’ या बोलण्यातली बोच अजून गेलेली नाही, आणि त्यामुळे कित्येक जण गावापासून दूर खासगी दवाखाना शोधत बसतात. खासगी डॉक्टरांकडे जाण्यात काही गैर नाही. पण लोक काय म्हणतील म्हणून महिने घालवू नयेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराइतकेच स्थान देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

कामाचे स्वरूप मात्र डॉक्टरांना तपशिलात सांगावे. मोटारसायकल पायलट (दुचाकीवरून प्रवासी नेणारा), ट्रकचालक, ट्रॉलरवर पहाटे जाणारा किंवा हॉटेलात रात्रपाळी करणारा, यांना गुंगी आणणारे औषध चालत नाही. निदान पहिले काही दिवस गाडी चालवू नये आणि गोळीची वेळ पाळीप्रमाणे ठरवून घ्यावी. तारवटींचा, म्हणजे जहाजावर नोकरी करणाऱ्यांचा, प्रश्न वेगळा आहे. जहाजावर चढण्यापूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी असते, आणि करार काही महिन्यांचा असल्याने मधेच डॉक्टर भेटत नाहीत. म्हणून निघण्याच्या तोंडावर नवे औषध सुरू करू नये. सुट्टीवर आल्याआल्या डॉक्टरांना भेटावे, म्हणजे औषध लागू पडते का ते किनाऱ्यावरच कळते. आखाती देशांत जाणाऱ्यांनी क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम यांसारखी औषधे तेथे नियंत्रित असू शकतात हे ध्यानात घ्यावे, त्या देशाचा नियम आधी तपासावा, आणि औषध मूळ स्ट्रिपमध्ये, मूळ नाव लिहिलेल्या चिठ्ठीसह सोबत ठेवावे.

पहिले दोन महिने आणि पुढे

पहिल्या आठवड्यात मळमळ, डोके दुखणे, पोट बिघडणे, हुरहुर असे त्रास येतात आणि बहुतेकांत ते दहा-पंधरा दिवसांत निवळतात. गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो, आणि पुरता अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागतात. त्रास आधी आणि गुण नंतर, हा क्रम माहीत नसल्यानेच पुष्कळ जण दुसऱ्याच आठवड्यात हात टेकतात. स्वतःला फरक कळण्यापूर्वी तो बहुधा घरच्यांना कळतो. आवाज खाली आला, जेवण सुटत नाही, आंघोळीला सांगावे लागत नाही, अशा गोष्टी पत्नीला किंवा आईला टिपून ठेवायला सांगाव्यात.

बरे वाटू लागल्यावर गोळी लगेच सोडायची नसते. पहिल्यांदा झालेल्या नैराश्यात पूर्ण बरे वाटल्यानंतर साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात. आजार पुन्हापुन्हा झाला असेल तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक. थांबवताना मात्रा हळूहळू उतरवावी लागते. एकदम तोडली तर दोन-चार दिवसांतच चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, असे प्रकार होतात, विशेषतः पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये. फ्लुओक्सेटिन शरीरात बराच काळ राहत असल्याने त्यात कमी. ही लक्षणे म्हणजे नैराश्य परतले असे नव्हे. नैराश्य परतते ते बहुधा आठवड्यांनी, सावकाश.

म्हणून पहिल्या भेटीतच विचारून घ्यावे: हे औषध साधारण किती महिने, गुण आला नाही तर किती आठवड्यांनी बदलायचे, एखाद्या दिवशी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का (नाही घ्यायच्या), आणि सुट्टीच्या दिवशी त्रास झाला तर फोन कुणाला करायचा. उत्तरे चिठ्ठीच्या मागे लिहून घ्यावीत, आणि दोन ते चार आठवड्यांनंतरच्या भेटीची तारीख हातात घेऊनच खुर्चीवरून उठावे.